विजापूर एकट्यानं, दोन दिवसांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक मराठी प्रवासी पंढरपूर-अक्कलकोटच्या फेरीत विजापूर उरकतात. भर दुपारी दोन तास, शाळांच्या सहलींचा गलका, आणि परतताना सोबत आलेलं एकच वाक्य: "घुमट फार मोठा आहे हो." खालची उत्तरं एकटं जाऊन एक रात्र मुक्काम करणाऱ्यांसाठी आहेत.

एका दिवसात होत नाही का?

होतं, पण ज्यासाठी जायचं तेच हुकतं. गोलघुमट पहाटे पाहायचा असतो आणि इब्राहिम रोझा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा मकबरा, दुपार कलल्यावर. सोलापुराहून सकाळी निघालेला माणूस साडेदहा-अकराला पोहोचतो, तेव्हा घुमटात कानठळ्या बसत असतात. दुपारी पोहोचून दुसऱ्या दिवशी दुपारी निघालात, तर चोवीस तासांत सगळं नीट बसतं.

तिकीट काढताना विजापूर शोधायचं की विजयपूर?

विजयपुरा. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव हेच आहे, आणि रेल्वेच्या यादीतही तेच सापडतं. इथे दोन फसगती ठरलेल्या. नकाशात 'बिजापूर' टाकलं की कधी छत्तीसगडमधला जिल्हा पुढे येतो, आणि बसच्या ॲपवर 'विजयपुरा' टाकलं की बंगळूरजवळ देवनहळ्ळी तालुक्यातलं त्याच नावाचं गाव दिसू शकतं. पैसे भरण्याआधी वाटेतले थांबे बघा. सोलापूर, झळकी, इंडी, बागलकोट यांपैकी काही दिसलं तर गाव बरोबर आहे.

सोलापुराहून बस बरी की रेल्वे?

अंतर साधारण १०० किलोमीटर. बस टाकळीजवळ भीमा ओलांडते आणि झळकी, होर्ती करत दोन ते अडीच तासांत पोहोचवते. गाड्या दिवसभर असतात, आरक्षणाची गरज पडत नाही. रेल्वेगाड्या मोजक्या आहेत, पण स्टेशन गोलघुमटाच्या अगदी जवळ, शहराच्या पूर्व टोकाला आहे. बसस्थानक मात्र किल्ल्याच्या बाजूला, म्हणजे घुमटापासून दोनेक किलोमीटर पश्चिमेला.

मुंबई-पुण्याहून रेल्वेनं सोलापूरला उतरून पुढे बस धरणार असाल तर एसटी स्टँड स्टेशनला लागून नाही, दीड-दोन किलोमीटर आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवा. सांगली-कोल्हापूरकडच्यांना सोलापूरचा वळसा नको, जतमार्गे यावं.

सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सगळ्यात आधी थांबतात, कधी काही तासांसाठी तर कधी दोन-तीन दिवस. परतीच्या दिवशी सकाळी स्थानकावर एकदा विचारून ठेवा. गाड्या बंद असतील तर रेल्वे हाच मार्ग.

महिलांची तिकीट सवलत चालते का?

अर्धीमुर्धी. आपल्या एसटीतली ५० टक्के सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, त्यापुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे पडतात. कर्नाटकातला मोफत प्रवास हा तिथला पत्ता असलेल्या महिलांसाठी, त्यामुळे पुण्याच्या पत्त्याचं आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. यावरून कंडक्टरशी वाद घालणारं कुणी ना कुणी भेटतंच.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि इथल्या प्रत्येक वास्तूभोवती उघडं फरसबंद अंगण आहे, जिथे चपला काढाव्या लागतात. जाड सुती मोज्यांचा एक जोड पिशवीत ठेवाच. तापलेल्या फरशीवर अनवाणी पळत पळत रोझा बघणारे लोक नक्षीकाम काय बघणार?

संक्रांतीचा आठवडा टाळा. सोलापूरप्रमाणे इथेही सिद्धेश्वराची मोठी यात्रा भरते, लॉज भरून जातात आणि रिक्षावाले भाव सोडत नाहीत.

एकट्याला खोली मिळते का?

मिळते. काही छोट्या लॉजवर रात्री उशिरा एकटा माणूस आला की 'रूम नाही' म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून आधी फोन करून एकट्यासाठी खोली हवी हे सांगा आणि उजेडी पोहोचा. मूळ आधार कार्ड जवळ असू द्या. राज्य पर्यटन महामंडळाचं मयूर आदिलशाही आनंदमहाल रस्त्यावर, जुन्या किल्ल्याच्या भागात आहे, शांतता हवी असेल तर ते बघा. पहाटे घुमटाकडे चालत जायचं असेल तर मात्र स्टेशन रोडच्या पूर्वेकडचा लॉज सोयीचा. खोली साधी असली तरी चालेल, तिथून घुमट दहा मिनिटांवर हवा.

जाण्याआधी इतिहास किती माहीत हवा?

आदिलशाही सुलतानांची पाच नावं पुरेत, आणि प्रत्येक नावाला एक इमारत चिकटवून ठेवा. पहिला अली आदिलशहा (१५५८–१५८०): विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई, त्यानंतर जामा मशीद. दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७): संगीतवेडा, स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेणारा, त्याचा रोझा. मुहम्मद (१६२७–१६५६): गोलघुमट. शहाजीराजांनी चाकरी केली तो दरबार याचा, आणि शिवाजी महाराजांच्या पहिल्या हालचाली याच्याच काळातल्या. दुसरा अली (१६५६–१६७२): अफझलखानाला धाडणारी राजवट, आणि त्याचा अर्धवट राहिलेला मकबरा, बारा कमान. शेवटचा सिकंदर, ज्यानं सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबापुढे शरणागती पत्करली. एवढं डोक्यात असलं की गाइडनं इमारतींची अदलाबदल केली तरी तुमचा गोंधळ उडत नाही.

दोन दिवसांचा क्रम कसा लावावा?

शहर पूर्व-पश्चिम पसरलंय. गोलघुमट पूर्वेला, इब्राहिम रोझा पश्चिमेला तटाबाहेर, मध्ये चार-पाच किलोमीटर आणि बाकीचं सगळं त्या दोघांच्या अधेमधे.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून, खोलीत सामान टाकून तीनच्या सुमारास ताजबावडी ही जुनी मोठी विहीर आणि तिथून रोझा. मग परत पूर्वेकडे येताना मुलूखमैदान तोफ आणि उन्हं उतरताना उपली बुरूज. दुसऱ्या दिवशी सहाला गोलघुमट, न्याहारी, जामा मशीद, आसार महाल, मग किल्ल्यातला गगनमहाल आणि शेवटी बारा कमान. एक वाजेपर्यंत मोकळे होता. हा क्रम उलटा केलात तर दोन्ही मोठ्या वास्तू चुकीच्या उजेडात बघाल.

गोलघुमटावर सकाळी सहालाच का?

कारण वरचा सज्जा. घुमटाच्या आत, भिंतीला धरून जो गोल सज्जा फिरतो, तिथे कुजबूज ऐकू येते ती फक्त शांततेत. आठ-नऊला पहिली सहल चढली की पन्नास पोरं एकदम शिट्ट्या मारतात, प्रत्येक शिट्टी सात-आठ वेळा परत येते, आणि मग चढून गेल्याचं सार्थक काही होत नाही.

तिकीट भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्यांना लागत नाही. रोझ्याचं तिकीट वेगळं, दर तोच. समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय उशिरा उघडतं आणि शुक्रवारी बंद असतं. ते बघायचंच असेल तर शुक्रवार सोडून या आणि खाली उतरल्यावर जा.

चढण चारही कोपऱ्यांतल्या अष्टकोनी मनोऱ्यांच्या पोटातून आहे, सात मजले. जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. प्रत्येक मजल्यावर कमानीतून हवा येते, तिथे दम खा. गुडघे दुखत असतील तर चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे आधी लक्षात घ्या. पाठीवर मोठी सॅक घेऊन चढू नका, वरून कुणी उतरत असेल तर दोघंही अडकता.

प्रतिध्वनी एकट्याला अनुभवता येतो का? समोर बोलायला कुणी नको का?

एकट्यालाच जास्त चांगला येतो. मनोऱ्यातून गच्चीवर आलात की लगेच आत शिरू नका, आधी श्वास जागेवर येऊ द्या, नाहीतर स्वतःची धापच ऐकत बसाल. मग आत जाऊन सज्ज्यावर बसा, तोंड भिंतीकडे करा, आणि कागदाची एक पट्टी हळूच फाडा. टरकन आवाज होतो, तो समोरच्या भिंतीवरून तुमच्याकडे परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. आतला व्यास साधारण ३८ मीटर, म्हणजे एका येण्याजाण्याला पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ. म्हणून टाळ्या एकमेकींत मिसळत नाहीत, सुट्या मोजता येतात. दमदार टाळी वाजवून मोजा, मग कागद फाडून मोजा. फरक कळेल.

कुजबुजीचं तत्त्व निराळं. तो आवाज घुमटाच्या मधून आरपार न जाता गोल भिंतीला घासत पलीकडे पोहोचतो, म्हणून बोलताना तोंड भिंतीजवळ हवं. मधल्या पोकळीकडे तोंड करून ओरडणाऱ्याला नुसता गोंगाट मिळतो. पलीकडे पहाटेचा एखादा पाहुणा किंवा पहारेकरी असतोच, नुसता हात दाखवला तरी तो भिंतीला कान लावतो. फोनवर गाणं लावून तो तिथे ठेवायचा आणि आपण पलीकडे जायचं, हा प्रयोग करू नका. कुजबूज भिंतीलगत क्षणात पलीकडे पोहोचते, तुम्हाला मात्र तेवढं धावत जाऊन फोन वाचवता येत नाही.

आत आणखी काय पाहायचं?

खाली उतरल्यावर मधोमध लाकडी छत्रीखाली मुहम्मद आदिलशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी यांच्या थडग्यांच्या प्रतिकृती आहेत. खरी थडगी तळघरात. तिथे उभं राहून मान वर करा: चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न इथे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी सोडवलाय. कमानींची टोकं मोजत गेलात की चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचं वर्तुळ कसं झालं ते डोळ्यांनी दिसतं. बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटर, भिंत सुमारे तीन मीटर जाड, आणि मधे एकही खांब नाही. दक्षिण दारावर टांगलेला 'बिजली पत्थर' चुकवू नका, वीज पडू नये म्हणून तो लटकवल्याचं सांगतात.

इब्राहिम रोझाला एवढं महत्त्व का?

गोलघुमट आकारानं दिपवतो, रोझा कारागिरीनं. आमच्या मते विजापुरात एकच वास्तू बघायची असेल तर ही. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मधे हौद. मकबरा पूर्वेला, मशीद पश्चिमेला. त्यामुळे मकबऱ्याचा मशिदीकडचा दर्शनी भाग दुपारी चारनंतर उजळतो, मशिदीचा सकाळी. एकदाच जायचं असेल तर दुपार निवडा, कारण नक्षी जास्त मकबऱ्यावर आहे.

जवळून पाहायची गोष्ट म्हणजे खिडक्या. जाळी म्हणून जे दिसतं ती अरबी अक्षरं आहेत, दगड आरपार कोरून अक्षरांमधूनच उजेड आत सोडलाय. आत अंधारात उभं राहिलात की अक्षरं काळी आणि मधला उजेड सोनेरी दिसतो. मोबाइलचा फ्लॅश मारलात की सगळा खेळ जातो. छज्ज्यांखाली दगडाच्या साखळ्याही शोधा. निदान सव्वा तास द्या. आणि इथे हात लावून बघण्याचा मोह आवरा, घामानं दगड काळवंडतो.

मुलूखमैदान तोफ पाहण्यासारखी आहे का?

भाषणांच्या बातम्यांत 'मुलूखमैदान तोफ धडाडली' वाचत मोठे झालेल्या माणसानं मूळ तोफ पाहायला नको? ती १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं तिथून विजापूरला आणली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा म्हणून ज्याचं नाव सांगतात, तोच हा. लांबी ४.४५ मीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आहे, आणि त्या जबड्यात एक हत्ती चिरडला जातोय. तो हत्ती पटकन दिसत नाही, बाजूनं वाकून बघा. १८५४ साली इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला, बोली १५० रुपयांवर अडली आणि विक्री रद्द झाली, म्हणून ती आज इथे आहे.

तिथून जवळच उपली बुरूज, १५८४ मधला, २४ मीटर उंच. जिना बाहेरून गोल फिरत जातो, त्यामुळे चक्कर येणाऱ्यांनी भिंतीकडची बाजू धरावी. वर दोन तोफा पडून आहेत, मोठी जवळजवळ नऊ मीटर लांब. सूर्यास्ताला पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, सगळं शहर आणि पलीकडे घुमट तांबूस होतो. अंधाराआधी उतरा.

जामा मशीद, आसार महाल: कुणाला प्रवेश?

जामा मशिदीत नमाज होते. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, एरवी डोकं आणि गुडघे झाकलेले असले की अडवत नाहीत. फरशीवर एकेका माणसाच्या नमाजाच्या जागा आखलेल्या आहेत, दोन हजारांहून जास्त. ते काम औरंगजेबाच्या काळातलं. मिहराबचं, म्हणजे मक्केच्या दिशेच्या कोनाड्याचं, सोनेरी-रंगीत काम बहुधा पडद्याआड असतं, रखवालदाराला विनंती करा.

आसार महालात प्रेषितांचे केस जपलेले आहेत असं मानतात. आतल्या भागात स्त्रियांना जाऊ देत नाहीत. बाहेरचे सागवानी खांब आणि समोरचा हौद सगळ्यांना दिसतो. एकट्या महिलेनं इथे वेळ कमी धरावा आणि तो मशिदीला द्यावा.

गगनमहाल, बारा कमान, ताजबावडी?

पहिल्या दोघांना वीस-वीस मिनिटं. गगनमहाल म्हणजे जुना दरबार, त्याची मधली कमान बघून पुढे. बारा कमान काळ्या दगडाची, छत कधी पडलंच नाही, कारण ते कधी चढलंच नाही. ताजबावडीच्या कमानीतून पाणी बघून घ्या, पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

अफझलखानाच्या 'साठ कबरी' बघता येतात का?

हा प्रश्न मराठी पाहुण्यांकडूनच येतो. प्रतापगडावर जाण्याआधी खानानं आपल्या बायका मारल्या, ही दंतकथा. ओळीनं सारख्या घडवलेल्या कबरी मात्र खऱ्या आहेत, शहराच्या पश्चिमेला, मुख्य रस्ता सोडून. पाटी नसल्यासारखीच. जायचं तर ओळखीचा रिक्षावाला, उजेड, आणि त्याला परत नेण्यासाठी थांबवून ठेवणं, या तिन्ही गोष्टी हव्यात. एकटं चालत जाऊ नका.

रिक्षाचं कसं?

मीटरचा भरवसा धरू नका. 'सगळं दाखवतो' हा सौदा कधीही करू नका, त्यात रोझा वीस मिनिटांत उरकतो आणि मधे एक साडीचं दुकान लागतं. ठिकाणांची नावं, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं आणि एकूण रक्कम, हे तिन्ही बसण्याआधी बोला. पैसे शेवटी द्या. पहिल्या दुपारपुरती रिक्षा पुरते, दुसऱ्या दिवशीचं बरंचसं पायी होतं.

जेवायचं काय आणि कुठे?

खानावळीत. एकट्या माणसाला खानावळ सोयीची, ताट एकाचंच असतं. ज्वारीची भाकरी इथे 'जोळद रोट्टी', मऊ आणि कडक दोन्ही मिळतात. सोबत एण्णेगायी म्हणजे आपली भरली वांगी, झुणका, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा. नुसती 'रोटी' मागितलीत तर उत्तर भारतीय रोटी येण्याची शक्यता असते. दुपारी तीननंतर ताटातल्या भाज्या संपत येतात. मांसाहार हवा असेल तर जामा मशिदीच्या बाजूच्या वस्तीत बघा.

कन्नड येत नाही, अडेल का?

नाही. हिंदी आणि दखनी सगळीकडे चालते, बाजारात मराठी समजणारेही भेटतात. अडतं ते बसच्या पाट्यांवर, त्या कन्नडमध्ये असतात. चालकाला गावाचं नाव विचारून चढा. एल्ली (कुठे), एष्टु (किती), साकु (पुरे) हे तीन शब्द ठेवा. खानावळीत साकु नाही म्हणालात तर वाढणारा थांबत नाही.

बदामी जोडावी का?

दोन दिवसांत नको. बदामी-ऐहोळे-पट्टदकल सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याला स्वतंत्र दोन दिवस लागतात. तिसरा दिवस हाताशी असेल तर सकाळच्या बसनं थेट बदामी गाठा, आणि सोलापूरचं परतीचं तिकीट विजापुराऐवजी बागलकोट किंवा बदामीहून काढा.